वलीबाबांच्या ताग्यातला शेवटचा तुकडा

बहरीनमधल्या नईम मोहल्ल्याच्या ज्या गल्लीत दोन मोटारी समोरासमोर आल्या की एकीला मुकाट मागे जावं लागतं, त्या गल्लीत जैनुद्दीनचाचांचं शिवणाचं दुकान चाळीस वर्षं होतं. माणूस दारातून आत येईपर्यंत चाचांनी त्याच्या खांद्याचं माप नजरेनेच घेतलेलं असायचं. अरबांचे पायघोळ, पांढरेशुभ्र तोब त्यांनी किती शिवले त्याची गणती नाही, आणि सगळे जपानी कापडाचे. त्यावर ते स्वतःच हसायचे. म्हणायचे, "माझ्या आजाने विलायती कापड जाळला नि मी जपानी शिवून पोट भरलंय. कयामतीला तो मला कात्री घेऊन शोधणार."

हा आजा म्हणजे वलीबाबा. दापोलीकडच्या खाडीकाठच्या गावात एकुलता एक दर्जी. एकोणीसशे एकवीस साली जुम्म्याच्या नमाजानंतर मुंबईहून आलेल्या कुणी मौलवींनी गावात तकरीर केली. तुर्कस्तानच्या खलिफावर इंग्रजांनी जुलूम चालवलाय, तेव्हा इंग्रजांचं कापड हराम समजा, चरखा हाती घ्या. लोकांनी टोप्या आणि रुमाल आगीत टाकले. वलीबाबांनी दुकानातले सगळे तागे आणून टाकले. शेजारचा साळी म्हणाला, "वल्या, दर्जी ना तू? आता काय केळीची पानं शिवणार?" वलीबाबा म्हणाले, "तू विण, मी शिवतो." त्यांची बायको महमुदा सूत कातायला बसली आणि साळ्याने चादरीच्या पन्ह्याचा मोठा तागा विणून दिला, काठाला एकच निळा धागा घालून. त्या दिवशी वलीबाबांनी जबान दिली, की आमच्या घरातला नवरा निकाहाला हातच्या सुताचाच सदरा घालील.

तीन वर्षं गेली आणि बातमी आली की तुर्कांनीच खलिफाला घरी बसवलं. गाव पोट धरून हसलं. "वलीभाय, ज्याच्यासाठी दुकान जाळलंत तो तर गेला मुलूख सोडून! आता घाला की मलमल." वलीबाबा सुईत दोरा ओवत म्हणाले, "खलिफा गेला असंल. मी जबान अल्लासमोर दिलीय, तो कुठे गेलाय?"

मग त्या ताग्यातून घरातल्या प्रत्येक नवऱ्याचा सदरा निघाला. जैनुद्दीनचाचांचा निघाला, त्यांच्या मुलाचा, वकारचा निघाला, आणि पाच वारांचा शेवटचा तुकडा चाचांबरोबर बहरीनला आला. पलंगाखालच्या पेटीत तो चाचांच्या कफनाशेजारी असायचा. कफन त्यांनी हजहून आणलेलं, मक्केच्या जमजम विहिरीच्या पाण्यात भिजवून वाळवलेलं. दोन्ही कापडं पांढरी, दोन्हींत कापराच्या वड्या. पेटी उघडायचा मान चाचांचा, म्हणून आत काय काय आहे ते घरात कुणी नीट पाहिलेलं नव्हतं. सून मुनीरा एवढंच जाणून होती की अब्बांच्या पेटीत अब्बांचं कफन आहे.

यंदा वकारच्या मुलाचा, उबेदचा निकाह ठरला. उबेद अस्कर गावातल्या अॅल्युमिनियमच्या कारखान्यात फिटर. इथेच जन्मलेला, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. चाचांनी डोळ्यांचं ऑपरेशन मुद्दाम आधी उरकून घेतलं होतं. हा सदरा त्यांना स्वतःच्या हाताने शिवायचा होता. आयुष्यातलं शेवटचं शिवण.

निकाहाला नऊ दिवस असताना तुबलीतल्या एका गॅरेजमधला खेडचा वेल्डर एकाएकी वारला. इशरत त्याचं नाव. इथे त्याचं रक्ताचं कुणी नव्हतं. कफनाची सोय मय्यत धुतात तिथे असतेच, पण त्याच्या खोलीतल्या पोरांना वाटत होतं की कफनातलं वरचं तरी कापड आपल्या माणसाच्या घरचं असावं. मुनीराला फोन आला. चाचा असरच्या नमाजाला निघाले होते, जिन्यावरच तिने विचारलं, "अब्बा, तुमच्या पेटीतला पांढरा कापड देऊ का? बिचाऱ्याचं इथे कुणी नाय."

चाचांच्या डोळ्यांपुढे स्वतःचं कफन आलं. ते म्हणाले, "विचारतेस काय, दे! मला कुठे घाई आहे." आणि किल्ली तिच्या हातावर ठेवून गेले.

मुनीराने पेटी उघडली. हाताला पहिलं लागलं ते जाडंभरडं, साधं कापड. फकिरासारखा राहणारा माणूस, त्याचं कफन असंच असणार, असं तिला वाटलं. बिस्मिल्ला म्हणून तिने ते दिलं.

दुसऱ्या दिवशी चाचा दफनाला गेले. मय्यत कबरीत उतरवताना वरची चादर काढली आणि चाचांना आतल्या कफनाच्या काठाचा निळा धागा दिसला.

दर्ज्याची नजर चुकत नाही. सुताच्या गाठी, जाड-बारीक वीण, दादी महमुदाच्या हाताचा पीळ. घशापर्यंत शब्द आला, "थांबा." पण कबरीत उतरलेल्या पोरांनी इशरतला मुलासारखं हातांवर तोललं होतं, आणि त्यातला एक रडत होता. चाचांनी शब्द गिळला. तीन मुठी माती टाकली, दुवा मागितली आणि घरी आले. पेटी उघडली. हजचं कफन जागच्या जागी होतं.

दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. मुनीरा म्हणे, "अब्बा, आमटी खारट झाली काय?" ते म्हणत, "नाय गो, चांगली आहे." तिला सांगितलं असतं तर तिने घरच्या लग्नाचं सुतक केलं असतं. आणि सांगितलं नाही तर उबेद बाजारचा सदरा घालून बसणार, शंभर वर्षांची जबान जैनुद्दीनच्या हातून तुटणार.

तिसऱ्या दिवशी उबेद ड्युटीवरून आला तर त्याचे दादा, म्हणजे चाचा, औषधाच्या दुकानातला कापूस तळहातावर लाटून पेळू करत बसलेले. बाजूला एक पेन्सिल, तिच्या टोकात बटाट्याची चकती खोचलेली.

"दादा, व्हॉट इज धिस?"

"टकळी. दार लाव आधी. मम्मीला बोलशील तर तुझा निकाह मफी, खलास."

चाचांनी त्याला सगळं सांगितलं. पोरगं बोटांवर दिवस मोजू लागलं. मग म्हणालं, "बट पूर्ण शर्टाचा कापड? इन सिक्स डेज?"

"कापड कुठला होतोय रे. दोरा होईल. सदरा तू बाजारातून आणशील तोच, पण त्याची बटणं हातच्या सुताने लावीन. अल्ला नियत बघतो, वार मोजत नाय."

सूत मात्र सारखं तुटत होतं. टकळी हलकी, कापूस आखूड. उबेदने पेन्सिल हातात फिरवून पाहिली. "युअर बॅलन्स इज राँग, दादा." दुसऱ्या दिवशी त्याने कारखान्यातून सुपरवायझरला विचारून पितळी सळी आणि जाड वॉशर आणला आणि घासून टोक काढलं. टकळी अशी फिरू लागली की चाचांनी तिचा मुका घेतला. दादी कातताना गायची ती ओळ त्यांच्या ओठांवर आली, "पेळू माझा हातात, नवरा माझा दारात." उबेदला अर्थ विचारायची गरज पडली नाही. तोही एक धागा कातून गेला, दाव्यासारखा जाड. चाचा म्हणाले, "हा बकरी बांधायला ठेव."

निकाहाच्या सकाळी सहापैकी पाच बटणं लागली होती. मुनीरा इस्त्री करायला सदरा घेऊन बसली आणि ओरडली, "या अल्ला! बटणाला ही सुतळी कुणी लावली? अब्बांना दिसत नसंल तर मला सांगायचं ना." आणि तिने कात्री उचलली.

"मम्मी, नो!" उबेदने सदरा छातीशी धरला. "डोन्ट टच! दादांनी... हातचं सूत आहे ते." एवढं मराठी त्याच्या तोंडून कधी एका दमात निघालं नव्हतं.

"हातचं सूत? मग वलीबाबांचा कापड कुठाय?"

उबेद दादांकडे बघू लागला. मुनीरा पलंगाकडे गेली, पेटी ओढून उघडली. आत मक्केचं कफन होतं, मऊ, गुळगुळीत, अत्तराच्या कुपीशेजारी. ती ते मांडीवर घेऊन खालीच बसली. तिला जे समजायचं ते समजलं.

"अब्बा, मी त्याला काय दिलं?"

चाचा तिच्याजवळ जमिनीवर टेकले. "तू त्याला नवऱ्याचा सदरा दिलास, बाय. त्या पोराचा निकाह राहिला होता. वलीबाबा असते तर त्यांनी फाडून दिला असता."

"आणि हे?" तिने मांडीवरचं कापड दाखवलं. तिचे डोळे वाहत होते.

"ते माझं आहे. ठेव परत. पुढच्या वेळी देशील तर नुसती किल्ली घेऊ नकोस, मला विचार, कुठला कापड म्हणून."

रडता रडता मुनीराला हसू फुटलं. खाली वकार हॉर्न वाजवत होता, "यल्ला, यल्ला! काझी येऊन बसेल!" मुनीराने डोळे पुसले, हात धुऊन आली आणि उबेदच्या छातीवरून सदरा सोडवून घेतला. सहावं बटण सुटंच होतं. उरलेलं सूत तिने सुईत ओवायला घेतलं. ते जाड, नेढ्यातून जाईना. तिने टोक ओठांत ओलं केलं, पीळ दिला, पुन्हा ओवलं.

"दुपदरी घे," चाचा म्हणाले. "घाई करू नकोस. थांबतो काझी."