खिळ्यावरची पिशवी

शिवणकाम करणारे सासरे रोज संध्याकाळी पुरासाठी भरून ठेवलेली दारामागची पिशवी उतरवत, तिच्यातला टॉर्च लागतो का ते बघत, औषधांवरच्या तारखा वाचत आणि पिशवी पुन्हा खिळ्याला टांगत.

"मामंजी, तुमच्या धाकानंच पूर येत नाही बघा," सून बाळाला कडेवर घेऊन चिडवायची.

एका दुपारी तो आलाच. सगळे शाळेच्या गच्चीवर पोचले आणि सासऱ्यांच्या छातीत कळ आली. तोंडून शब्द फुटेना. सुनेनं पिशवी उपडी केली. बाळाचं औषध होतं, तिच्या गोळ्या होत्या. त्यांची गोळी तेवढी नव्हती. ती रोज लागते म्हणून घरी उशाशीच राहिली होती.

ते तिथेच गेले. जिना चढताना तेवढं म्हणाले होते, "पिशवी सरळ धर गं, बाळाच्या बाटलीचं झाकण सैल आहे."