दहा झाल्याशिवाय

नाव: श्री. चांगो धाऊ निरगुडे. वय: ४६. शिक्षण: सातवी. भागीदाराचा प्रकार: खासगी क्षेत्र. नवोपक्रमाचे स्वरूप: साथकालीन लाभार्थी-समूहीकरण व अंतिम टप्प्यातील लसीकरण-सुलभता. भागीदाराचे योगदान: वाहन, एक.

हे वाहन म्हणजे कर्जत स्टेशन ते कोंडाणे लेण्यांच्या अंगाची एक ठाकरवाडी अशी धावणारी टमटम. परवाना सहा माणसांचा, बसत दहा. दहा भरल्याशिवाय चांगो किल्ली फिरवत नसे. आतले नऊ जण मग त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत बसत.

२०२१च्या जूनमध्ये आरोग्य उपकेंद्रातली समीक्षा सिस्टर लशीचा डबा घेऊन याच टमटमने तीनदा वाडीवर गेली आणि तीनदा तसाच घेऊन खाली आली. एका बाटलीत दहा डोस. उघडली की चार तासांत संपवायची. वाडीवर एका वेळी तीन-चार माणसांच्या वर कुणी सापडत नसे, बाकीचे रानात. उघडून वाया गेलेल्या डोसचा खुलासा द्यावा लागे. न टोचलेल्या माणसाचा द्यावा लागत नसे.

“सिस्टर, तुमची बाटली माज्या गाडीवानीच हाय,” तिसऱ्या खेपेला चांगो म्हणाला.

“कशी रे दादा?”

“दहा झाल्याबिगर हलत नाय.”

पुढच्या बाजाराच्या दिवशी शेवळांच्या रानभाजीच्या जुड्या घेऊन खाली निघालेल्या बायांना त्याने बसवण्याआधीच विचारलं, टोचून घेणार का. नको म्हणणारीला मागच्या गाडीची वाट दाखवली. दहा भरले, टमटम उपकेंद्राच्या दारात थांबली, एक बाटली उघडली, एक संपली, गाडी बाजाराला गेली. दर बाजाराला एक बाटली.

पहिल्या दहांत त्याची आई चिंधी होती. दोन दिवस ती तापाने फणफणली. तिसऱ्या दिवशी उठून म्हणाली, “दुसऱ्या टायमाला एकदाच येईन रं. परत फिरवलंस तर पुन्ना माजं नाव काढू नको.”

“नाय फिरवत गं आये.”

दोन डोसांमधल्या बारा आठवड्यांत ही गोष्ट जिल्ह्याच्या ठिकाणी पोचली. तिथे सहयोगी नवोपक्रमांचं एक अभियान चालू होतं आणि त्यात सहयोग पुष्कळ होता, नवोपक्रम कमी पडत होते. अभियानाचे जितेश साहेब लॅपटॉप घेऊन आले. त्यांनी चांगोला चांगोजी म्हटलं, तिथेच त्याला संशय आला.

“चांगोजी, हे मॉडेल आपण मोठं करू.”

“मोटी गाडी देताव?”

गाडी द्यायची तरतूद नव्हती. करार होता, तीन भागीदारांचा: शासन, खासगी क्षेत्र आणि शिक्षणसंस्था. शिक्षणसंस्था म्हणजे कुठलंसं कॉलेज. त्यांनी अ‍ॅप केलं. अ‍ॅपवर नोंदणी करायला वाडीच्या माणसाला वरच्या कड्यावर जावं लागे, कारण रेंज तिथे. शासन भागीदार झाल्यामुळे गाडीही शासकीय नियमात आली. परवाना सहाचा. साथीमुळे निम्मी आसनं. म्हणजे तीन. दिवस गुरुवार ठरला, कारण साहेबांना गुरुवारी जमत होतं. बाजार गुरुवारी नसतो.

“साहेब, बाटली दहाची हाय,” चांगो म्हणाला.

“ते आरोग्य विभागाचं. आपण वाहतूक बघतोय.”

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी उपक्रमाचं उद्घाटन झालं. उपकेंद्रासमोर मांडव, फलक, अंतर सोडून मांडलेल्या दहा खुर्च्या. टमटम झेंडूच्या माळा घालून वेळेवर आली. आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर. आतून तीन माणसं उतरली. त्यांत चिंधी, नवं लुगडं नेसून.

समीक्षाने डब्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

“वर सात जन उभे हायत,” चांगो म्हणाला. “तीन खेपांत आनतो.”

“अ‍ॅपमध्ये आज एकच फेरी आहे. ड्रायव्हरने परस्पर बदल केला तर डेटा बिघडतो.”

“सर, मी चौघांना इथूनच बोलावते,” समीक्षा म्हणाली, “आणि दादा एक खेप—”

“नोंदणीशिवाय नको, सिस्टर. पहिलाच दिवस आहे.”

चिंधी तासभर खुर्चीत बसली. तिच्यासमोर सहयोगावर दोन भाषणं झाली. मग ती उठली आणि लेकाकडे न बघता चालू लागली. चांगो टमटम घेऊन मागे गेला. माळा लोंबत होत्या.

“आये, बस गं.”

“दहा झाले का?” तिने विचारलं, आणि वाडीपर्यंत चालत गेली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी चांगोने गाडीवर लावलेला उपक्रमाचा फलक काढला आणि पुन्हा दहा भरले. समीक्षाने वर न विचारता बाटली उघडली. मागाहून तिला खुलासा मागण्यात आला. आईला आणायला चांगो त्याआधी दोनदा वाडीवर जाऊन आला होता. दोन्ही वेळा ती चुलीपुढून उठली नाही.

अभियानाच्या अहवालात अनुक्रमांक १७ वर चांगोचा फोटो आहे. खाली लिहिलं आहे: “भागीदाराच्या कुटुंबाचा सक्रिय सहभाग.” चिंधीने दुसरा डोस घेतला नाही.