वाऱ्याच्या उलट निघालेली राख

पंचविशीत मला वाटायचं, जगातले सगळे ज्वालामुखी माझ्यासाठीच फुटायचे खोळंबलेत. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी हवामान खात्यात नोकरीला. पावसाळी ढग बघायला सोलापूरबाहेरच्या माळावर एक रडार आणून ठेवलं होतं. थंडीत ते रिकामं, आणि मी त्याहून रिकामी. म्हणून मी एक योजना आखली. समुद्रातल्या बेटावर ज्वालामुखी फुटला तर राखेचा ढग कुठे चाललाय हे विमानांना कळावं, यासाठी तीन रडारांचं जाळं.

साहेबांनी नकाशा पाहिला. "बाई, सोलापुरात ज्वालामुखी कुठाय?"

"पायाखालचा काळा दगड त्याचाच ना, सर."

"तो विझला की. पडद्यावर राख दाखवा, योजना वर पाठवतो. नाही तर नकाशा गुंडाळा."

राखेला काय तोटा? शहरात गिरण्यांच्या चिमण्या होत्या. सकाळी बॉयलर पेटला की नुसती काजळी. मी रोज उजाडायच्या आत पडद्याला डोळे लावून बसायला लागले. एका सकाळी चिमणीच्या जागी ठिपका उमटला, पसरला, त्याचं कडं झालं आणि ते सरकू लागलं. रडार चालवणाऱ्या अक्कलकोटच्या अण्णांना मी असं गदागदा हलवलं की त्यांचा चहा सांडला.

"अण्णा, राख आली, राख!"

"आली तर येऊ दे की. च्या माजा हुता."

साहेब कानटोपीतच धावत आले. "कुठे चाललीय?"

"पूर्वेला, कुंभारीकडे."

त्यांनी दार उघडलं. पूर्वेचा गार वारा थेट तोंडावर आला. चिमणीचा धूर पश्चिमेला आडवा झालेला.

"मग तुमची राख वाऱ्याच्या उलट कशी निघाली?"

"वारा चुकत असेल, सर." खरंच असं म्हणाले मी. आणि हवामान सांगायचा मला पगार मिळत होता.

जीप काढली. कुंभारीच्या शिवारात ज्वारी हुरड्यात आलेली. वर भोरड्यांचा भलामोठा थवा गरगरत होता. गिरणीमागच्या झाडांवर रात्र काढून पाखरं न्याहारीला आली होती.

"बघा," साहेब म्हणाले, "तुमची राख कणसं खातेय."

पिकातल्या उंच माळ्यावरून गोफणीने पाखरं राखणारी बाई ओरडली, "नुस्तं बगताय काय सायेब? हाकला की!" मग आम्ही दोघं हातवारे करत बांधावरून पळालो. कानटोपीवाले साहेब पुढे, पदर खोचून मी मागे.

परतताना मी गप्प बसायला हवं होतं. पण जीपमध्ये मला धीरच धरवेना.

"सर, पाखरू मनाला येईल तिकडे जातं. राख वाऱ्याबरोबरच जाणार. प्रत्येक रडारशेजारी वारा मोजायचा फुगा सोडू. ढग वाऱ्यासोबत चालला नाही, तर ती राख नव्हेच."

साहेबांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली.

"राख तुम्ही दाखवली नाहीच."

"नाही, सर."

"पण काय राख नव्हे, ते ओळखायची सोय केलीत. फुगे घाला योजनेत. पाठवतो."

"आणि सर, तीनऐवजी चार रडार धरली तर..."

"उतरा," साहेब म्हणाले.

माळ अजून बराच लांब होता. मी खुशाल चालत गेले, आणि चौथं रडार कुठे बसवायचं ते जाता जाता ठरवून टाकलं.