सोफ्यावर ठेवलेला सबवूफर

घरात एक सबवूफर, म्हणजे बेसचा घुमणारा आवाज काढणारा डबा, असलेल्या गिऱ्हाइकाला दुसरा विकणं सोपं नसतं. मला ते जमतं. लालबागच्या टॉवरमधल्या त्या साहेबांना मी पंधरा दिवस घोळवलं होतं. "दुसऱ्या डब्याने आवाज वाढणार नाही, पण सगळीकडे सारखा होईल. सोफ्यावर बसल्यावर बेस पोटात जाणवला नाही, तर दुसरा डबा उचलून नेतो." जोशात बोलून गेलो. त्यांनी तेच दोन शेजाऱ्यांसमोर पुन्हा वदवून घेतलं. त्या शेजाऱ्यांचं कामही मला हवं होतं.

टॉवर गिरणीच्या जागेवर उभा होता. त्याच गिरणीत माझा बाप माग चालवायचा. मागांच्या खडखडाटात त्याचे कान गेले. "वर नेऊन दाखव एकदा," असं म्हणत तो मागेच लागला होता, म्हणून त्या दिवशी बरोबर आणला.

दोन्ही डबे टीव्हीच्या दोन बाजूंना ठेवले आणि ढोलाचं रेकॉर्डिंग लावलं. टीव्हीजवळ छाती हादरत होती. सोफ्यावर मात्र बेस गायब! वायरी तपासल्या, फेजचं बटण उलटसुलट करून पाहिलं. काही फरक नाही.

साहेब सोफ्यावर रेलले. शेजारी मागे उभे.

"मिस्त्री, पोटात काही जात नाहीये. सकाळचे पोहेच आहेत तेवढे."

शेजारी हसले. मला मिस्त्री म्हटलेलं चालत नाही.

"सेटिंग चाललंय," मी म्हणालो.

"तासभर तेच ऐकतोय. बेस कधी ऐकवताय?"

उपाय मला ठाऊक होता. डबा सोफ्यावर ठेवायचा, ढोल चालू ठेवायचा आणि भिंतीच्या कडेने कान जमिनीशी नेऊन रांगत फिरायचं. जिथे आवाज भरून येईल, ती डब्याची जागा; तिथून तो सोफ्यावरही तसाच पोचतो. चाळीतल्या खोलीत मी असा कितीदा रांगलो होतो. पण गिऱ्हाइकासमोर, आणि तेही या जागेवर? गिरणीचा संप लांबला तेव्हा बापाच्या खात्यातला जॉबर, म्हणजे मुकादम, आमच्या घरी आला होता. माफीच्या कागदावर सही कर, उद्यापासून कामावर ये, म्हणाला. बापाने सही केली नाही, नोकरी गेली. चाळीने त्याची पाठ थोपटली. माझी शाळा नववीतच सुटली आणि मी रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात लागलो.

आता तोच बाप कोपऱ्यातून ओरडला, "अरे, घरी रांगतोस तसा रांग ना!"

"बाबा, गप्प बस."

"काय?"

"गप्प बस म्हणतो!"

ऐकलं की नाही, कोण जाणे. भिंतीला हात लावून तो स्वतःच खाली बसायला लागला. त्याचा एक गुडघा तर वाकतच नव्हता.

मी त्याच्या काखेत हात घालून त्याला उठवलं. साहेबांना सोफ्यावरून उठायला सांगितलं, एक डबा तिथे ठेवला आणि त्या गुळगुळीत फरशीवर हात-गुडघे टेकले. या वेळी कोणी हसलं नाही. ते जास्त लागलं. टीव्हीच्या बाजूला काही नाही. बाल्कनीच्या दाराशी थोडंसं. सोफ्यामागच्या भिंतीच्या मध्यावर पोचलो तेव्हा आधी तळव्यांना कळलं, मग कानाला.

तो डबा तिथे हलवला. साहेब बसले, पोटावर हात ठेवला.

"पोहे नाचताहेत," म्हणाले. शेजाऱ्यांनी माझा नंबर घेतला.

लिफ्टमध्ये मी बापाच्या कानाशी तोंड नेलं. "तू वाकला नाहीस आणि मला रांगायला लावलंस?"

तो आरशात बघत होता. "मी वाकलो नाही, त्याचं काय झालं ते बघितलंस ना?"

म्हणजे सही न केल्याची किंमत त्याला कळली होती. मग इतकी वर्षं चाळीत पाठ थोपटून का घेत राहिला? विचारणार होतो. पण मधल्या मजल्यावर माणसं शिरली, आणि ते मला ओरडून विचारावं लागलं असतं.