तीन घरांचे दोरे

आमच्या घरी वासरू कधीच नव्हतं. गाय नव्हती, म्हैस नव्हती, दारात साधा खुंटासुद्धा नव्हता. तरी माझी माय दर उन्हाळ्यात शेजारच्या घरांमधून वासरासाठी म्हणून खरवड घेऊन यायची.

खरवड बिबड्यांच्या घाट्याची. ज्वारी भिजवायची, कांडायची, दळायची, मग पहाटे मोठ्या पातेल्यात तीळ, जिरं, मिरची घालून तिचा घाटा शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत खाटांवर, ओल्या कापडांवर, हाताने थापायचा. वाळला की बिबडा, म्हणजे ज्वारीचा जाडसर पापड. आमच्या गावी, तापीकाठच्या प्रकाशाला, आमच्या गल्लीत हे काम एकटीदुकटी बाई करत नाही. आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या, अशी पाळी लागते. माझ्या मायच्या हाताला घाट्याचा अंदाज होता, म्हणून तिला सगळीकडून बोलावणं असायचं. माझे वडील, आबा, एका बागायतदाराकडे वर्षाच्या बोलीवर सालदार होते आणि बोलीतलं धान्य होळीच्या पुढेमागे संपायचं. आमची स्वतःची पाळी कधी लागलीच नाही. थापायला ज्वारी तर हवी.

पातेलं रिकामं झालं की माय म्हणायची, "तळनं राही गयं. वासरूले लई जास." पातेलं खरवडायची, झाकणाच्या डब्यात भरायची आणि पदराखाली धरून घरी यायची. आम्ही तीन भावंडं उंबऱ्याच्या आत ताटल्या घेऊन बसलेलो असायचो. करपलेल्या घाट्याचा तो धुरकट वास मला अजून झोपेतून जागं होताना येतो. कुठून येतो कळत नाही. डोळे उघडले की जातो.

मी शहाद्याच्या कॉलेजात शिकले. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत पदवी घेतलेली पहिली मी. हे मी लाजत सांगत नाही. आता शहाद्यालाच एका ऑफिसात टायपिंगचं आणि हिशेब सोडून पडेल ते सगळं काम करते, स्वतःचा लॅपटॉप आहे, आणि माझे तीन ब्लॉग आहेत. एकावर मायचं सांगणं, तिच्याच अहिराणीत. दुसऱ्यावर गावाकडचं खाणंपिणं, फोटोंसकट, मराठीत. तिसरा फक्त माझा, कुलूप लावलेला. त्यात मी मनातलं लिहिते.

मायचं सांगणं कसं मिळतं, ते आधी सांगते. तिला समोर बसवून विचारलं तर ती म्हणते, "माले काय येस?" मोबाइल रेकॉर्डिंगला लावला तर घसा खाकरते आणि गप्प होते. पण हात घाट्यात असले की तिचं तोंड आपोआप सुरू होतं. तापीला धरणाचं पाणी तुंबायच्या आधीची वाळू, तिच्या माहेरची बैलगाडी, गेलेल्या मावशीचं हसणं, सगळं एकापाठोपाठ येतं. डोळे कापडावर, बोटं पाण्यात बुडवून गोल फिरवत. बिबड्यांचे दिवस उन्हाळ्यात पंधरा-वीस. ते संपले की माय पुन्हा कामापुरती बोलते. तिच्याजवळ एक ओळ लिहिलेली नाही. जे काही आहे ते त्या वीस दिवसांत बाहेर येतं.

म्हणून गेल्या उन्हाळ्यात मी सुट्टी टाकली आणि ज्या अंगणात पाळी असेल तिथे लॅपटॉप घेऊन बसू लागले. आता ज्वारी आमच्याही घरात असते आणि आमचीही पाळी लागते. पण गल्लीतल्या अंगणांत नेट नाही. नेट मिळतं आमच्या गच्चीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात, नदीकडे तोंड करून. ब्राउझरमध्ये लिहायला घेतलं की मध्येच सगळं पांढरं व्हायचं आणि मायची दोन वाक्यं गेलेली असायची. दुसऱ्यांदा सांग म्हटलं तर ती वेगळंच काहीतरी सांगायची. तेव्हा मला लॅपटॉपमध्येच राहणारं एखादं सॉफ्टवेअर हवं होतं. नेट नसताना लिहून ठेवावं, नेट आलं की तिन्ही ब्लॉगांवर आपापलं जावं.

पहिलं उतरवलं ते दिसायला देखणं, पण इतकं जड की लॅपटॉप तापून पंखा ओरडायला लागायचा. अंगणातल्या त्या उन्हात तो पंखा ऐकून माय म्हणाली, "त्याले पानी पाज."

दुसरं हलकं होतं, फुकट होतं आणि चटपटीत होतं. तिन्ही ब्लॉग त्यात एकदाच जोडले, की वरच्या कोपऱ्यात एक बारीकशी यादी. त्यातून ब्लॉग निवडायचा, लिहायचं, बटण दाबायचं. मागच्या वेळी जो ब्लॉग निवडला होता तोच ते लक्षात ठेवायचं. मला ती सोय वाटली. मी त्याच्यावर खूष होते. चार दिवस मी सकाळी अंगणात लिहायचे, दुपारी गच्चीवर जाऊन पाठवायचे. खाली शेजारच्या अंगणांत खाटांवर बिबडे वाळत असायचे, पलीकडे नदीचं पाणी हलतंय की ऊनच हलतंय ते कळायचं नाही, आणि मला वाटायचं, मी असं बसून आयुष्य काढू शकेन.

पाचव्या दिवशी मी तिसऱ्या ब्लॉगसाठी, माझ्या कुलूपवाल्या ब्लॉगसाठी, वासराबद्दल लिहिलं. नसलेलं वासरू, पदराखालचा डबा, उंबऱ्याआतल्या ताटल्या. लिहिताना मला रडू आलं आणि बरं वाटलं. गच्चीवर गेले, मोबाइलचं नेट जोडलं आणि बटण दाबलं. कोपऱ्यातल्या बारीक यादीकडे पाहिलंच नाही. ते लेखन मायच्या ब्लॉगवर गेलं.

मायचा ब्लॉग सगळी गल्ली ऐकते. समोरच्या घरातल्या काकूंची सून गच्चीवर जाऊन तो मोबाइलवर उघडून आणते, मोठ्याने वाचते आणि बायका हात चालवत ऐकतात. दुसऱ्या दिवशी पाळी त्यांच्याच अंगणात होती. मी मायसोबत गेले होते, पाणी द्यायला. सुनेने वाचायला सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीला मला कळलं की हे काय वाचतेय. मी पुढे होऊन तिच्या हातातला मोबाइल घ्यायला हवा होता. मी तांब्या धरून उभी राहिले.

वाचून संपलं. मग काकू हसल्या. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन.

"काय वं," त्या मायला म्हणाल्या, "तुन्हं वासरू तं भलतंच मोठं व्हयनं. कॉलेज शिकी वनं!"

सगळ्या बायका हसल्या. एकजण म्हणाली, "आमले माहीत नव्हतं का? म्हणीसन तं तळ जाड सोडूत आम्ही."

"हाऊ, आनि मन्ही सासू माले बोले, इतला घाटा वाया काबर घालस म्हणून," काकू म्हणाल्या, आणि पुन्हा हशा.

माय हसली नाही. तिने पाण्यात बोटं बुडवली, तो बिबडा पुरा केला, मग पुढचा. ऊन चढेपर्यंत ती थापत राहिली.

घरी आल्यावर मी म्हटलं, "माय, चुकीसन गयं. मी लगेच काढी टाकं."

"त्यास्नी ऐकी लिधं ना."

"पण त्यास्ले माहीत व्हतं. तू ऐकं ना, त्या मुद्दाम सोडत."

"माहीत व्हतं," माय म्हणाली. "त्यास्ले माहीत व्हतं, हाई मालेबी माहीत व्हतं. पण वीस वरीस कोन्ही बोलनं का? तू बोलनी."

मी गच्चीवर जाऊन ते खरंच गेलंय का, पुन्हा एकदा पाहून आले.

त्यानंतर मायने सांगणं बंद केलं. राग धरला असं नाही. भाकरी वाढायची, चहा द्यायची, ऑफिसात काय चाललंय विचारायची. पण हात घाट्यात गेले की तोंड मिटायचं. मी शेजारी लॅपटॉप उघडून बसायचे आणि पडद्यावर ती उभी रेघ नुसती लुकलुकायची. एक दिवस गेला, दोन गेले, पाच गेले. गल्लीतल्या पाळ्या संपत आल्या होत्या. दोन-तीन दिवसांत बिबडे संपले असते आणि मायचं राहिलेलं सगळं तिच्या आतच राहिलं असतं. पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा सांगेल, याचा भरवसा मला उरला नव्हता.

मी ते चटपटीत सॉफ्टवेअर काढून टाकलं. त्याची चूक नव्हती, चूक माझ्या डोळ्यांची होती. पण जे सॉफ्टवेअर माझ्या डोळ्यांच्या भरवशावर चालतं ते मला नको होतं. गच्चीवर बसून मी दुसरी शोधू लागले. एकात देवनागरीची जोडाक्षरं फुटून वेगळी व्हायची. एकात एका वेळी एकच ब्लॉग जोडता यायचा. एक बरं होतं, पण ते आधी सगळं स्वतःकडे नेऊन ठेवायचं आणि मग पुढे पाठवायचं. तेही नको. शेवटी एक जुनाट, बेढब दिसणारं सापडलं. त्याची चौकट राखी रंगाची, बटणं ठोकळ्यासारखी. नवीन काही त्यात कुणी घालत नसावं. त्याच्यात प्रत्येक ब्लॉगची खिडकी वेगळी उघडायची. मी ते उतरवून ठेवलं, पण मन त्यावर बसेना. इतकं शिकून हे असलं डबडं वापरायचं का, असं वाटत होतं. गर्व होता, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी आमची पाळी होती. शेवटून दुसरी. पहाटे माय कापडं वेगळी करत बसली. बिबड्यांना लागणारी कापडं, जुनी धोतरं नि लुगडी, एका घरात पुरत नाहीत, म्हणून सगळ्या घरांची एकत्र होतात. परत जाताना अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक कापडाच्या कोपऱ्यात त्या घराचा दोरा टाकलेला असतो. आमचा लाल. समोरच्या काकूंचा हिरवा. पलीकडच्या घराचा निळा. माय दोरे बघून घड्या लावत होती. मी खाटेवर लॅपटॉप घेऊन बसले होते, आणि त्या राखी चौकटीत तीन खिडक्या शेजारी शेजारी उघड्या होत्या.

मायने मान वर न करता विचारलं, "तुन्हा त्यामा तीन घरं शेतस ना?"

पाच-सहा दिवसांनी तिने त्याबद्दल तोंड उघडलं होतं. मी हळूच म्हटलं, "हाऊ. तीन."

"मंग त्यास्ले दोरा नही का?"

मी त्या बेढब सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये गेले. खिडकीच्या वरच्या पट्टीला रंग देता येत होता. चटपटीतवाल्यात हे नव्हतं, देखण्यात होतं की नाही ते आता आठवत नाही. मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

"हाई तुन्हं. कोनता रंग?"

"मन्हं लाल," माय म्हणाली. जणू विचारायची गोष्टच नव्हती.

"हाई खावापेवानं."

"हिरवा दे. काकूना हात चांगला शे."

"आनि हाई मन्हं एकलीनं. कोन्ही वाचत नही."

माय थांबली. हातातलं कापड मांडीवर ठेवलं. कोपऱ्यातला दोरा तिने अंगठ्याने दोनदा चाचपला.

"जे घरना बाहेर जात नही, त्याले दोरा कसाले?"

तिसरी पट्टी मी राखीच ठेवली. ती अजून राखी आहे. त्या सॉफ्टवेअरला आणखी एक जुनी खोड होती. बटण दाबलं तरी ते लगेच पाठवत नसे. आधी मध्यभागी एक चौकोन यायचा, त्याच रंगाचा, आणि विचारायचा, पाठवू का? नव्या सॉफ्टवेअरवाल्यांना ती अडचण वाटत असेल. मला तो चौकोन दिसला आणि मी तिथेच ठरवलं.

घाटा उतरला. वाफेत मायचा चेहरा येत-जात होता. बायका आल्या, खाटांवर ओली कापडं पसरली, आणि पहिले गोल पडू लागले. नदीकडून मंदिराची घंटा आली, ती कापडांवरून सरकत गेल्यासारखी वाटली. मी वाट पाहत नव्हते, खरंच. मला वाटत होतं, एवढं बोलली तेही पुष्कळ.

माय म्हणाली, "लिख. लालमा लिख."

"काय लिखू?"

"वासरू."

काकूंचा हात थांबला. सून मोबाइलकडे बघायची थांबली.

"तू चुकीनं लिखं," माय मला म्हणाली. "तुले आर्धंच माहीत. मी सांगस."

आणि तिने सांगितलं. पहिल्या वर्षी तिने वासरू तांबडं सांगितलं होतं आणि दुसऱ्या वर्षी चुकून कबरं. कुणी विचारलं नाही. एकदा काकूंच्या सासूने डब्यावर मुद्दाम मूठभर शेंगदाणे टाकले आणि म्हणाली, वासराला आवडतात. तेव्हा माय घरी येईपर्यंत एवढ्याशा रस्त्यात दोनदा थांबली होती. ते मला माहीत नव्हतं. शेंगदाणे मला आठवत होते, थांबणं आठवायला मी तिथे नव्हते.

"मन्ही सासू?" काकू म्हणाल्या. "मालेच बोले आनि सोता शेंगदाना टाके?"

"टाके," माय म्हणाली, आणि या वेळी ती हसली.

दुपारी मी गच्चीवर गेले. बटण दाबलं. मध्यभागी लाल चौकोन आला. मी खाली डोकावून ओरडले, "माय, लाल शे! धाडू?"

अंगणातून आवाज आला, "धाड!"

त्या उन्हाळ्यात शेवटच्या दोन पाळ्यांत आणि यंदाच्या पुऱ्या मोसमात मायने सांगितलेलं सगळं त्या लाल पट्टीखाली लिहिलं गेलं. तिन्ही ब्लॉग मी त्याच बेढब सॉफ्टवेअरमधून चालवते. आजपर्यंत एकही लेखन दुसऱ्याच्या घरी गेलेलं नाही.