फ्रेमवहिनींचा शनिवार

चित्रांच्या चौकटी करून देणाऱ्या त्या दुकानाच्या वरच्या खोलीत एकवीस खुर्च्या होत्या. त्यांतली कुठली डुगडुगते आणि कुठलीचा खिळा कपड्यात अडकतो, हे एकट्या फ्रेमवहिनींना ठाऊक होतं. डुगडुगणारी त्या स्वतःसाठी ठेवत, शेवटच्या रांगेत, जिन्याजवळ. तिथून उठून चहाचं बघता येई. चांगली सत्तावीस वर्षं त्यांनी त्या खुर्चीवर काढली, पण ती दुरुस्त करायला काही सवड झाली नाही. खाली दुकानात करवत, खिळे, गोंद सगळं हाताशी असून. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

नवऱ्याला गिऱ्हाइकं भाऊ म्हणत, म्हणून त्या वहिनी. आणि दुकान फ्रेमचं, म्हणून फ्रेमवहिनी. भाऊ लाकडाच्या पट्ट्या कापून कोपरे जुळवत. काच आणि माउंट वहिनींकडे. माउंट म्हणजे चित्राभोवती दिसतो तो जाड पुठ्ठा. त्याच्या मधोमध खिडकी कापावी लागते. वहिनींचा हात असा, की पातं टेकवलं की ते थेट कोपऱ्यावरच थांबायचं, केसभर पुढे नाही. खिडकी कापली की मधला तुकडा सुटून हातात यायचा, कोरा आणि गुळगुळीत. दुसऱ्या कुणी तो केराच्या टोपलीत टाकला असता. वहिनी ठेवून द्यायच्या. का, हे भाऊंनी कधी विचारलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली की माणूस प्रश्न जपून वापरतो.

बायकांचं चित्रमंडळ सुरू केलं ते ड्रॉइंगबाईंनी. शाळेत चित्रकला शिकवायच्या. चांगल्या उंच, अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली, आणि तीच पेन्सिल हरवली म्हणून सगळ्यांना कामाला लावायच्या. एकदा चित्र मढवायला आल्या आणि वरची रिकामी खोली बघून म्हणाल्या, की चित्रं काढणाऱ्या बायका इथे पुष्कळ आहेत, फक्त एकमेकींना ठाऊक नाहीत. पुढच्याच महिन्यात खुर्च्या आल्या. महिन्याचा तिसरा शनिवार ठरला. एका महिन्यात वरच्या खोलीत व्याख्यान, पुढच्या महिन्यात कुणाच्या तरी स्टुडिओला भेट.

स्टुडिओ हा शब्द आपला ऐकायला. एकीचा स्टुडिओ धुण्याचं मशीन आणि इस्त्रीचं टेबल यांच्या मधल्या चार फुटांत होता. एकीचा अर्ध्या गॅरेजमध्ये. मंडळ आलं की तिच्या नवऱ्याला स्कूटर रस्त्यावर काढून तिच्याशेजारी उभं राहावं लागे. बँकेत नोकरी करणाऱ्या बाई तर आपला स्टुडिओ पलंगाखालून ओढून काढायच्या. पण ड्रॉइंगबाईंनी घालून दिलेला नियम सगळ्यांना एकच: आधी बिघडलेलं, मग चांगलं, मग चहा. जिच्याकडे भेट असेल तिनं आपलं सगळ्यात फसलेलं चित्र आधी पुढे ठेवायचं आणि ते कुठे फसलं हे स्वतःच्या तोंडानं सांगायचं. भाऊ म्हणत, जगाची रीत आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून. तुमचं सगळं उलटंच. पण एकदा फसलेलं दाखवून झालं की बाई मोकळी व्हायची, आणि मग काय हसायच्या त्या सगळ्या. बँकेतल्या बाईंनी एकदा नवऱ्याचं चित्र पुढे ठेवलं आणि सांगितलं, की नाक बिघडलंय, पण तो दोष माझ्याकडे येत नाही.

त्या वर्षांची आठवण आली की वहिनींच्या नाकात टर्पेंटाइन आणि उकळत्या चहाचा मिळून जो वास असतो तो भरून यायचा. त्याच्याइतका चांगला वास त्यांनी जन्मात दुसरा घेतला नव्हता.

वहिनींकडे भेट मात्र कधी झाली नाही. तिसऱ्या वर्षी ड्रॉइंगबाईंनी विचारलं होतं. मी कसली चित्रकार, माझं काम चौकटीपाशी संपतं, असं म्हणून वहिनी चहाच्या कपांकडे वळल्या. ड्रॉइंगबाईंनी वाद घातला नाही. भेटींच्या वहीत त्यांचं नाव लिहिलं आणि पुढे तारखेची जागा कोरी सोडली. दर वर्षी नवी यादी व्हायची, आणि शेवटी तेच नाव, तीच कोरी जागा. ती यादी उतरवून फळ्यावर लावायचं काम वहिनींचंच. शेवटच्या ओळीपाशी त्यांचा हात थबकायचा. मनातून त्यांना ती तारीख हवी होती, फार हवी होती. पण एकदा नाही म्हणून बसल्यावर आपणहून हो कसं म्हणायचं, हे काही त्यांना जमलं नाही.

बघता बघता ड्रॉइंगबाईंना जाऊन दोन वर्षं झाली. मंडळात चौदा जणी उरल्या. भाऊंचे गुडघे जिना चढेनात, तेव्हा महिनाअखेरीला दुकान बंद करायचं ठरलं. वरच्या खोलीतला एकच शनिवार शिल्लक होता, आणि त्या दिवशी नुसता निरोपाचा चहा घ्यायचा असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं.

त्याच आठवड्यात ड्रॉइंगबाईंची मुलगी दुकानात आली. घर बदलताना आईचं एक चित्र पडून काच फुटली होती. चित्राला तुकडे टोचू नयेत म्हणून तिनं चौकट घरीच उघडली होती. पिशवीतून तिनं चित्र काढलं, आणि मागोमाग एक पुठ्ठा. तो बघून वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं.

पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं काढलेल्या पाठी होत्या. खुर्च्यांच्या रांगा, त्यांवर बसलेल्या बायका, वेण्या, अंबाडे, कललेल्या माना, खुर्चीच्या पाठीवर टाकलेला एक हात. व्याख्यान चालू असलं की बोलणारीकडे सगळ्याच बघत. वहिनी ऐकणाऱ्यांकडे बघत, आणि जिन्याजवळच्या खुर्चीवरून ऐकणाऱ्यांच्या पाठीच दिसतात. मांडीवर माउंटचा तुकडा घेऊन त्या गुपचूप काढत राहायच्या. काढलेलं फेकवत नव्हतं आणि दाखववतही नव्हतं. आता, चित्र आणि मागची फळी यांच्यात जागा उरली तर चित्र फुगतं, म्हणून मध्ये एक पुठ्ठा सारावाच लागतो. वहिनी तिथे आपला पुठ्ठा घालत, रेघांची बाजू फळीकडे करून, आणि वरून खिळे ठोकून टाकत. ज्यांच्या पाठी, त्यांच्याच चित्रांमागे.

"मावशी, कोपऱ्यातली तारीख तुमच्या अक्षरात आहे," मुलगी म्हणाली. "फळ्यावरच्या यादीचं अक्षर. लहानपणापासून बघत आलेय मी."

वहिनींनी ड्रॉइंगबाईंचं चित्र उचलून उलटं केलं. मागच्या कोऱ्या कागदावर करडा डाग पसरला होता. घाईत या एका चौकटीत पुठ्ठा उलटा बसला होता आणि इतकी वर्षं पेन्सिल चित्राला लागत राहिली होती. केसभर पातं पुढे जाऊ न देणाऱ्या बाईच्या हातून हे झालं होतं. त्यांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"तुझ्या आईनं विश्वासानं चित्र दिलं आणि मी त्यामागे माझा कचरा भरला," त्या म्हणाल्या. "तिच्याच नाही, सगळ्यांच्या मागे."

मुलगी रागावेल असं त्यांना वाटलं होतं. तिनं शांतपणे पिशवीतून आईची भेटींची वही काढली आणि शेवटची ओळ दाखवून विचारलं, की इथे या शनिवारची तारीख घालू का. वहिनी नको नको म्हणाल्या. आत पट्टी कापत बसलेल्या भाऊंनी मानही वर केली नाही.

"ठरवून टाक, पोरी," ते म्हणाले. "हिला विचारत बसलीस तर आणखी सत्तावीस वर्षं जातील, आणि माझे गुडघे काही तेवढे टिकायचे नाहीत."

मुलीच्या निरोपावरून शनिवारी चौदाही जणी बगलेत जुन्या चादरीत गुंडाळलेली एकेक चौकट घेऊन आल्या. खिळे वहिनींनी स्वतः उपसले. आपला ठोकलेला खिळा आपल्याच हाताचं लवकर ऐकतो. विकल्या गेलेल्या चित्रांबरोबर कितीतरी पुठ्ठे लांब कुठे कुठे निघून गेले होते, ते काही आता परत येणार नव्हते. तरी मुलीनं आणलेला धरून नऊ झाले. बँकेतल्या बाईंच्या चौकटीत कोरा पुठ्ठा निघाला तेव्हा त्या खऱ्याच रुसल्या.

खुर्च्या आज दुसऱ्या कुणी मांडल्या होत्या, वाकड्यातिकड्या. त्या सरळ करायला वहिनी उठल्या तर त्यांना दटावून समोरच्या खुर्चीवर बसवलं गेलं. ती त्यांची जिन्याजवळचीच खुर्ची होती, पण डुगडुगत नव्हती. आज कसाबसा जिना चढून आलेले भाऊ खिडकीबाहेर बघत होते.

समोरून या सगळ्या कशा दिसतात हे वहिनींनी असं बसून कधी पाहिलंच नव्हतं. मग नियमाप्रमाणे त्यांनी आधी बिघडलेलं पुढे ठेवलं. ड्रॉइंगबाईंचं चित्र उलटं धरून तो करडा डाग सगळ्यांना दाखवला आणि कसा पडला ते सांगितलं. त्यांनी काही लपवलं नाही.

"झालं," गॅरेजवाली म्हणाली. "आता चांगलं दाखवा."

पुठ्ठे भिंतीशी लावले आणि एकच गिल्ला झाला. यातली आपण कुठली, हे एकीलाही ओळखता येईना. आपली पाठ कुणी पाहिलेली असते? शेवटी वहिनी चष्म्याशिवाय एकेक बोट ठेवत गेल्या. ही तुम्ही, ऐकताना डावीकडे कलता. ही तू, तेव्हा तुझी लांब वेणी होती. बँकेतल्या बाई तीन पुठ्ठ्यांवर निघाल्या आणि त्यांचा रुसवा गेला.

"आणि आई?" मुलीनं विचारलं.

वहिनींनी बोट ठेवलं. सगळ्या पुठ्ठ्यांवर ती एकाच जागी होती, मागून दुसऱ्या रांगेत, उंच असल्यामुळे. मुलगी वाकून नऊच्या नऊ पुठ्ठे बघत गेली.

"पण अंबाड्यात पेन्सिल कुठेच नाही."

"कशी असेल?" वहिनी म्हणाल्या. "त्याच पेन्सिलीनं तर काढलंय. व्याख्यान सुरू झालं की बाई हात मागे करून पेन्सिल मला द्यायच्या. मागे वळून एकदाही बघितलं नाही त्यांनी. आणि संपलं की सगळ्यांदेखत शोधत बसायच्या."

वहिनींनी पर्समधून बोटाएवढी उरलेली एक पेन्सिल काढून मुलीच्या हातात ठेवली. बाईंच्या शेवटच्या शनिवारची ती परत करायची राहून गेली होती. मुलीनं वही मांडीवर उघडली आणि त्या पेन्सिलीनं शेवटच्या ओळीतली कोरी जागा भरली.

मग चहा झाला.