दुसरं कडवं

‘उगवती गायिका’ म्हणवून घ्यायला वयाची काहीतरी मर्यादा असायला हवी. डेलोरीन पिनॉक सत्तेचाळीस वर्षांची होती, स्पॅनिश टाउनमध्ये शाळेचे गणवेश शिवायची आणि गेली वीस वर्षं नुसती उगवतच होती.

यंदा निर्माता टलकने नवा रिदिम काढला. ताल आणि बास तोच. त्यावर अठरा जणांनी आपापलं गाणं बांधायचं. पहिला अर्थातच लॉर्ड ऑबिन, ज्याला पोराटोरांपासून सगळे ओळखतात. अठरावी डेलोरीन. तरी ती खूश होती, कारण दुसऱ्या कडव्यात तिने आईचं नाव घातलं होतं. मिस इव्हाडनी, चौतीस वर्षं उसात राबलेली. या बाईने लेकीच्या गाण्याला आजवर साधं ‘बरंय’सुद्धा म्हटलं नव्हतं.

“आईला पहिल्या कडव्यात घे,” टलकने सांगून पाहिलं. “रेडिओवाले एका कडव्यानंतर पुढच्या गायकावर उडी मारतात.”

“आधी गाणं तापू दे, मग आई येईल,” डेलोरीन हटून बसली.

शनिवारी दुपारी रेडिओवर अख्खा रिदिम लागणार होता. तिने गावी, क्लॅरेंडनला, आईला तीनदा फोन केला. “सूप चुलीवरून उतरव आणि रेडिओपाशी बस.”

ऑबिन पूर्ण वाजला. बाकीच्यांना एकेक कडवं मिळालं. अठरावं गाणं लागताच डेलोरीनने शिलाई मशीन थांबवलं. पहिली ओळ झाली न झाली तोच निवेदक ओरडला, “अरे बापरे! परत, परत!” आणि गाणं पहिल्यापासून सुरू. गाणं असं मागे नेऊन परत लावणं, गायकाला याहून मोठा मान नाही. डेलोरीनने टाळी पिटली. त्याच ओळीवर तो पुन्हा ओरडला, गाणं पुन्हा मागे. आता मात्र तिने घड्याळाकडे पाहिलं, बातम्यांची वेळ होत आली होती. तिसऱ्या खेपेला पहिलं कडवं कसंबसं संपलं, ‘मिस’ एवढंच ऐकू आलं, आणि बातम्या लागल्या.

डेलोरीनने कात्री भिरकावली. वीस वर्षांनी मान मिळाला, आणि त्या मेल्या मानानेच तिचं गाणं खाल्लं.

फोन वाजला. “काय गं, बिघडलं काय तुझं गाणं? तीच ओळ तीनदा! तो ऑबिन बघ, कसा सलग गायला.”

“आई, लोकांना आवडलं की परत लावतात!”

“असेल. माझं नाव कुठंय?”

बातम्या संपल्या. जाहिरातींच्या मागे नुसता रिदिम वाजत होता. डेलोरीनने फोन तोंडाशी धरला आणि रागारागातच दुसरं कडवं म्हणून टाकलं, मळा, ऊस, मिस इव्हाडनी, सगळं.



“बरंय,” आई म्हणाली. “मग हेच आधी म्हणायला काय झालं होतं तुला? अख्खी आळी बोलावली होती मी ऐकायला. गेले सगळे आपापल्या घरी.”